बसवंतअप्पांची उपस्थिती

१७ नोव्हेंबर

आमच्या घरात आजवर कुणी डायरी लिहिली नाही. माय आणि बाबा दोघांनाही लिहिता येत नाही, त्यामुळे डायरीत काय लिहायचं आणि काय नाही हे विचारायला कुणी नाही. म्हणून ठरवलंय, खरं तेवढंच लिहायचं.

आज लातूरला 'माळवद' या सायंदैनिकात रुजू झाले. पेपर चार पानी आहे. ऑफिस गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, डाळीच्या दुकानाच्या वर. संपादक अमरनाथ सरांनी नांदेडला आमच्या कॉलेजात फोन करून इंग्रजी शिकलेली मुलगी मागितली होती. आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी माझं नाव दिलं. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

सरांची कल्पना अशी की लातुरात शिकवणीला गावोगावची मुलं येतात. गावातल्याच बारीकसारीक बातम्या रोज पाव पान सोप्या इंग्रजीत दिल्या, तर इंग्रजी सुधारायला म्हणून मुलं पेपर घेतील. सदराचं नाव 'लातूर इन इंग्लिश'. उन्हाळ्यापर्यंत बघू, नाही चाललं तर बंद, असं सर म्हणाले. बंद झालं तर माझं काय, हे मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी ते बरं दिसलं नसतं.

घरी हदगावला फोन केला. माय म्हणाली, "बसायला खुर्ची हाय का?" आहे म्हटलं. "मंग झालं," म्हणाली. दिवसभर कापूस वेचून आली होती.

१९ नोव्हेंबर

पहिली बातमी लागली. पार्वतीबाईंची म्हैस एका शिकवणीच्या हॉलमध्ये शिरली, जीवशास्त्राचा तास चालू असताना. फळ्यापर्यंत गेली आणि तिला वळता येईना. शेवटी पुढची तीन बाकं बाहेर काढून तिला फिरवली. शिकवणीच्या सरांनी तिच्याकडे बोट दाखवून सस्तन प्राण्यांचा धडा तेवढ्यात उरकला म्हणतात.

शिंगं कशी आहेत ते नक्की करायला मी पार्वतीबाईंना फोन केला. पान लावणारा सोमेश हसला. म्हणाला, मॅडम, म्हशीची मुलाखत घ्या ना. मी बातमीचा अर्थ सांगताना पार्वतीबाईंना हेही सांगितलं की इंग्रजीत जनावराला निर्जीव वस्तूचंच सर्वनाम लावतात. त्या रागावल्या. "पाच वेतं झालीत तिची. टेबल हाय का ती?" मी बदलून बाईमाणसाचं सर्वनाम लावलं. मग लक्षात आलं की आता ती म्हैस आणि आमच्या प्राचार्या, दोघींना एकच शब्द. इंग्रजीत 'आल्या' म्हणताच येत नाही, सगळे नुसते येतात. मानाची काही सोयच नाही. फक्त 'मी' तेवढा कुठेही आला तरी मोठ्या अक्षरात लिहायचा. लिहिताना मला दर वेळी संकोच होतो.

२४ नोव्हेंबर

आज सत्कारांच्या बातम्या माझ्याकडे आल्या. इथे सत्काराची बातमी म्हणजे दोन ओळी सत्कार आणि बाकी नावं. अध्यक्षस्थानी हे, प्रमुख पाहुणे ते, सूत्रसंचालन यांनी केलं, आभार त्यांनी मानले, यावेळी अमुक, तमुक, फलाणे आदींची उपस्थिती होती. प्रेसनोट आयोजकच आणून देतात. नावं त्यांनीच मानाच्या क्रमानं लावलेली असतात.

शेवटच्या 'आदी'त जाणं हा इथे मोठा अपमान. सोमेश सांगत होता, एका गृहस्थांना 'आदी'त घातलं म्हणून त्यांनी पेपर बंद केला होता. तो परत सुरू व्हावा म्हणून सरांना त्यांच्या नातवाच्या बारशाला जाऊन बातमी लावावी लागली.

मी ऑनलाइन इंग्रजी पेपर पाहिले. त्यात अशा याद्या नसतात. मी सरांना सांगितलं की इंग्रजीत फक्त मुख्य नाव आणि पुढे 'अँड अदर्स' लिहिते. जागा वाचते म्हटल्यावर सर लगेच हो म्हणाले.

गंमत म्हणजे याच इंग्रजीत गुरांच्या घोळक्याला एक शब्द, मेंढ्यांना दुसरा, माशांना तिसरा. कावळे जमले तर त्याला चक्क खून म्हणतात. आणि सभागृहात जमलेल्या माणसांना मात्र नुसतं 'इतर'.

२७ नोव्हेंबर

ऑफिसात एक आजोबा आले. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, हातात घडी केलेला 'माळवद'. बसवंतअप्पा. कापडाच्या दुकानातून कधीच निवृत्त झालेत. पाणपोईच्या उद्घाटनापासून पुण्यतिथीपर्यंत शहरातला एकही कार्यक्रम ते चुकवत नाहीत. प्रत्येक यादीत त्यांचं नाव असतं, पण सगळ्यात शेवटी, 'आदी'च्या उंबरठ्यावर. सोमेश त्यांना कायमचे उपस्थित म्हणतो.

अप्पांनी लिंगायत रीतीनं 'शरणार्थ' म्हणून हात जोडले आणि विचारलं की इंग्रजीत त्यांचं नाव का आलं नाही, मराठीत तर आहे. मी नियम समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकलं. रागावले नाहीत. मग विचारलं, पेपरची ती मोबाइलवरची प्रत किती वाजता निघते, आणि तेव्हा कॅनडात किती वाजलेले असतात. मी हिशेब करून सांगितलं. का विचारतात ते कळलं नाही.

जाताना टेबलावर दोन पेरू ठेवून गेले. मी घ्यायला नको होते. सोमेशने एक खाल्ला म्हणून दुसरा मी खाल्ला.

६ डिसेंबर

अप्पा आता कार्यक्रमात मी जिथे उभी असते तिथे येऊन उभे राहतात. काल एका व्यायामशाळेत वजनकाट्याचं लोकार्पण होतं. त्यांनी माझ्याजवळ येऊन स्वतःचं नाव हळू सांगितलं, जणू मला माहीतच नाही. मी परत 'अँड अदर्स'च लिहिलं. एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. नावाचा एवढा सोस या वयात का असावा, असं मनात आलं. ते मनात आलं हेही लिहून ठेवते.

बातमी लावताना सोमेश म्हणाला की 'लोकार्पण'साठी तुम्ही वापरलेला शब्द जरा भारी झालाय. त्याला इंग्रजी येत नाही असं तो नेहमी सांगतो. मग हे कसं कळलं, विचारलं तर चहा आणायला गेला.

१३ डिसेंबर

सरांनी बोलावलं. शिकवणीची मुलं पेपर घेत नाहीत. त्यांना अभ्यासच इतका की म्हैस आली तरच मान वर करतात. त्या पाव पानाला जाहिरातही नाही. संक्रांतीपर्यंत वाट पाहतो, मग बंद करावं लागेल, म्हणाले. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते स्वतःच ओशाळल्यासारखे बोलत होते.

बाबांना फोनवर यातलं काही सांगितलं नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का, हे मला ठरवता येत नाही. बाबा म्हणाले की ते कामाला जातात त्या कापसाच्या जिनिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक झालंय, त्यांची मंजुषा लातूरचं सगळं इंग्रजीत करून राहिली.

१९ डिसेंबर

दोन-तीन कार्यक्रम झाले, अप्पा कुठे दिसले नाहीत. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग चुकल्यासारखं. आज सोमेशने बातमी आणली. एका शाळेच्या कार्यक्रमात फोटोसाठी सगळे व्यासपीठावर चढले, कडेला जागा पुरली नाही आणि अप्पा खाली पडले. पाय मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे.

ऑफिस सुटल्यावर त्यांच्याकडे गेले. दोन खोल्यांचं घर, गल्लीच्या तोंडाशी. शेजारच्या नागुबाई भाकरी घेऊन आल्या होत्या आणि ते खात नाहीत म्हणून त्यांना बोलत होत्या. "सभेत फुकटचा चहा पितंय म्हातारं, आन घरची भाकर गोड लागंना," असं म्हणत त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि निघून गेल्या. अप्पांनी माझ्यासमोर मुकाट्यानं अर्धी भाकरी खाल्ली. मग बोलायला लागले.

त्यांचा मुलगा वीरेश कॅनडात कॅलगरीला असतो. त्याची मुलगी मनस्विनी नऊ वर्षांची आहे. तिला मराठी बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. फोनवर ती 'हाय आज्जा' म्हणायची, अप्पा 'जेवलीस का' विचारायचे, आणि तिथे बोलणं संपायचं. दोघं नुसते एकमेकांकडे बघत राहायचे. मग 'लातूर इन इंग्लिश' सुरू झालं. अप्पांनी म्हशीची बातमी पाठवली. त्या दिवशी मनस्विनीने आपणहून फोन केला. म्हैस पास झाली का, असं विचारत होती.

"तवापासून रोज वाचलाली ती," अप्पा म्हणाले. "मी तिला सांगून बसलो, गावात कायबी असू द्या, आज्जा तिथं असतो. आता ती माझं नाव हुडकती. सापडंना म्हणून विचारलाली, आज्जा, तुला बोलावत न्हाईत का?"

मी उरलेल्या भाकरीचं ताट उचलून आत ठेवून आले. 

मग त्यांनी हात जोडले, ते मला फार लागलं. म्हणाले, "आता तर जाताबी येत न्हाई. न गेलो तरी एक डाव माझं नाव घाल बाई. आन पायाचं कुठं लिहू नको. पडलो म्हणून कळलं तर वीरेश येईल, घराला कुलूप लावील आन मला तिकडं न्हेईल. बर्फात मी कुणाच्या सभेला जाऊ?"

पायाचं लिहिणार नाही, असं मी कबूल केलं. नावाचं काही बोलले नाही. घरी येताना दोनदा रस्ता चुकले.

२० डिसेंबर

सरांना विचारलं. सर म्हणाले, घालून टाक, कोण तपासतंय. या पेपरात वारलेले एक गृहस्थ पुढे वर्षभर कार्यक्रमांना उपस्थित राहत होते. आयोजक जुनी प्रेसनोट तारीख बदलून देत होते. शेवटी त्यांच्या पत्नीनेच येऊन विचारलं की हे हल्ली बसतात कुठे.

मला हसू आलं, पण माझ्याने ते होणार नाही. मी वजनकाट्याच्या बातमीतून हजर असलेल्या माणसाला काढलं, आणि आता नसलेल्याला घालायचं. पहिलं नियम म्हणून केलं आणि दुसरं दया म्हणून, पण त्या मुलीला दोन्ही वेळा खोटंच वाचायला मिळणार. ती माझी खरी एकच वाचक आहे. तिला फसवून मी काय लिहू?

सोमेश वैतागून म्हणाला, "मग अप्पा कार्यक्रमाला जात नाहीत तर कार्यक्रमच अप्पांकडं न्या, म्हणजे तुमचं बी खरं ऱ्हाईल."

तो चेष्टेत बोलला. मी मात्र दुपारभर त्याचाच विचार करत होते.

२३ डिसेंबर

परवा, पंचवीस तारखेला, घड्याळजी ईश्वरप्पांचा सत्कार ठरला होता. त्यांनी आमच्या जवळच्या चौकातलं बंद पडलेलं मोठं घड्याळ शिडीवर चढून सुरू केलं, म्हणून व्यापाऱ्यांच्या मंडळाने ठेवलेला. मी मंडळाच्या लोकांकडे गेले. सकाळपासून वाक्य पाठ करत होते. तिथे गेल्यावर सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले की सत्कार बसवंतअप्पांच्या घरी करता येईल का, ते पडलेत.

कुणीतरी म्हणालं की पत्रिका छापून झाल्या. दुसरं कुणी म्हणालं की खुर्च्या सांगून ठेवल्यात. पण ईश्वरप्पा स्वतः तिथे बसले होते. ते म्हणाले, "माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला पाऊस लागला होता. अप्पा आन मी, दोघंच होतो. त्यांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या." मग एकेकाला आठवायला लागलं. कुणाच्या आईच्या पुण्यतिथीला, कुणाच्या निवडणुकीतल्या पराभवाच्या आभारसभेला, जिथे कुणीच आलं नाही तिथे अप्पा होते. आजवर सगळे त्यांना हसत होते. मीही.

ठरलं. मी त्यांचे आभार मानले आणि खुर्च्यावाल्याला नवा पत्ता सांगायला निघाले. 

२५ डिसेंबर

कार्यक्रम झाला. खोलीत दहा माणसं मावत नाहीत, तरी लाउडस्पीकर लावला होता, कारण लाउडस्पीकरशिवाय सत्कार होत नाही. खुर्च्या गल्लीत. अप्पांची खाट दारात ओढली, नागुबाईंनी त्यांना धुतलेलं धोतर आणि डोक्याला पटका दिला. व्यासपीठ म्हणजे ती खाटच, म्हणून ईश्वरप्पांचा सत्कार तिच्या कडेला बसून झाला. शाल, श्रीफळ सगळं. पार्वतीबाईही आल्या होत्या. म्हैस गल्लीबाहेर बांधली होती. प्रमुख पाहुण्यांचं भाषण लांबलं तेव्हा ती ओरडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी बातमी लिहिली. त्यात सगळी नावं घातली, एकूण एक, इंग्रजीत. बसवंतअप्पांचं घर आणि बसवंतअप्पांची उपस्थिती, दोन्ही. खूप लांब झाली. वाचून पाहिली तर कंटाळवाणी अजिबात वाटली नाही. प्रत्येक नावाला चेहरा होता. इंग्रजी पेपरवाले यादी देत नाहीत, कारण त्यांना ती माणसं माहीत नसतील.

पायाचं लिहिलं नाही. फोटोत प्लास्टर अगदी पुढे आलं होतं, ते कापायला सोमेशला सांगून मी निघाले.

२६ डिसेंबर

फोटो कापलेला नव्हता. प्लास्टरसकट छापला गेला आणि तसाच कॅनडाला गेला. सोमेश म्हणाला, शेवटी पान सरांनी पाहिलं. सर म्हणाले, गडबडीत राहून गेलं. एरवी सर फोटोच्या कडेवरून सोमेशशी अर्धा अर्धा तास वाद घालतात. आजच कसं राहून गेलं, कोण जाणे.

मी दिलेला शब्द मोडला. अप्पांना फोन करायचं धाडस होईना. शेवटी त्यांचाच आला, "असशील तशी ये."

गेले.  फोन उशीला टेकवून ठेवलेला, पडद्यावर वीरेशदादा. म्हणाले, "अप्पा, सांगायचं तरी."  मग अप्पांनी विचारलं, "मला न्यायला येणार का?" वीरेशदादा म्हणाले, "मार्चमध्ये येतो. न्यायला न्हाई, बघायला. तुमच्या सभा टाकून तुम्ही इथं काय करणार? फोटोत किती माणसं हायेत, अप्पा. इथं मी पडलो तर एवढी येणार न्हाईत."

मग मनस्विनीने फोन हिसकावला. ती भराभर बोलते, म्हणून अप्पांनी मला मध्ये बसवलं. ती इंग्रजीत आजोबांना 'यू' म्हणायची, तो शब्द मी मराठीत 'तुम्ही' करत होते आणि अप्पांचा 'तू' उलटा तिकडे देत होते. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. पहिल्यांदाच मला त्यात काही उणं वाटलं नाही.

तिने आधी म्हशीचं विचारलं, मग दुखतं का विचारलं. मग तिला एक शंका आली. त्यांच्या शाळेत कुणाचा हातपाय मोडला की सगळी मुलं त्या प्लास्टरवर आपली नावं लिहितात. आज्जाकडे एवढी माणसं आली, मग प्लास्टर कोरं का?

मी अर्थ सांगितला. अप्पांनी प्लास्टरवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तिला म्हणावं, यादी अजून तयार व्हायचीय."

त्यांचं बोलणं किती वेळ चाललं ते मी पाहिलं नाही. मध्येच अप्पांना माझी गरज लागेना, तेव्हा मी उठून नागुबाईंकडे जाऊन बसले.

२९ डिसेंबर

आज अप्पांकडे परत सगळे जमले, या वेळी प्रेसनोट नाही, लाउडस्पीकर नाही. सत्काराची बातमी ज्याने त्याने आपल्या नातेवाइकांना पाठवली आहे. इंग्रजीत नाव आलं म्हणून पुणे, हैदराबाद, कुठे कुठे. सर म्हणाले की पाव पान आता बंद करायची गोष्ट नको. मी हदगावला लगेच फोन केला. तेव्हा कळलं की बंद होणार होतं हे मायला आधीच कळलं होतं, माझ्या आवाजावरून. तिने बाबांना सांगितलं नव्हतं.

ईश्वरप्पांनी घड्याळाच्या कामासारख्या बारीक अक्षरात घोट्याजवळ नाव लिहिलं. सरांनी लिहिताना पुढे 'संपादक' घातलं. पार्वतीबाईंनी अंगठा उठवला, त्यासाठी ऑफिसातली शाईची पेटी आणली होती. नागुबाई आधी नको म्हणत होत्या, मग त्यांनीही उठवला, आणि शाईचा हात अप्पांच्या धोतराला पुसला. सोमेशने स्वतःचं नाव लिहिलं आणि त्याखाली न विचारता माझं, इंग्रजीत, वळणदार. त्याला एवढं सुंदर इंग्रजी अक्षर कुठून आलं, हे विचारायचं राहून गेलं.

गुडघ्याजवळची जागा अप्पांनी कुणाला दिली नव्हती. ती अध्यक्षांची, म्हणाले. तिथे मला मनस्विनीचं नाव लिहायला लावलं, वर इंग्रजीत, खाली मराठीत, म्हणजे मार्चमध्ये वीरेशदादांबरोबर ती आली की एकावरून दुसरं वाचायला शिकेल. तिला ओळखता यावीत म्हणून मी अक्षरं मोठी, सुटी काढली.

"मार्चपर्यंत हे पायावर ऱ्हाणार न्हाई, अप्पा," ईश्वरप्पा म्हणाले. "डॉक्टर कापून काढतील."

अप्पांनी पोटरीमागचं कोरं प्लास्टर चाचपलं. मग मला म्हणाले, डॉक्टरांना सांग, कापायचं तर मागच्या बाजूनं कापा म्हणावं, नावं सोडून.

तसं कापता येतं का, मला माहीत नाही. उद्या ऑफिसला जायच्या आधी दवाखान्यात जाऊन विचारणार आहे.